गंगव्वाची फिल्म

कुठलंही यंत्र समोर आलं की मल्लाप्पाअण्णा आधी त्याच्या पाठीवरून हात फिरवायचे. मिक्सर असो, पाण्याची मोटर असो, नाहीतर माझ्या दुकानातला प्रिंटर असो. तळहात टेकवून क्षणभर गप्प उभे राहायचे आणि मग निदान सांगायचे, "अंग तापलंय ह्याचं." निदान बहुतेक वेळा चुकायचं. प्रिंटरमध्ये नुसता कागद अडकलेला असायचा आणि अण्णा त्याला ताप आल्याचं सांगून मोकळे व्हायचे. पण हात फिरवल्याशिवाय त्यांचं कुठल्याही वस्तूशी बोलणं सुरूच होत नसे.

अण्णा आमचे दूधवाले. गंगावेशीजवळ घर, घरामागं गोठा, आणि पिढ्यान्‌पिढ्या म्हशींचाच धंदा. माझं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान आमच्या घराखालीच, त्यामुळे सकाळी दूध घालून झालं की ते मोटारसायकल दुकानापुढं लावून पाच मिनिटं टेकायचे. माझ्या हातात उघडा पडलेला लॅपटॉप बघून हळहळायचे. "किती बारीक आतडी हायती ह्याची," असं एकदा म्हणाले होते. तेव्हापासून मलाही वायरी पाहिल्या की आतडीच आठवतात.

एका वर्षी दिवाळी होऊन थोडे दिवस झाले होते. अण्णा आले ते किटलीच्या कडेला गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी बांधून. सोडलं तर आत लॅपटॉप. पुतण्याला पुण्यात नोकरी लागली, त्याला नवा मिळाला आणि जुना काकांच्या वाट्याला आला. अण्णांनी तो टेबलावर ठेवला, त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि विचारलं, "ताई, ह्याच्यावर पिच्चर जोडायला जमंल का?"

मी चालू केला. तो चालू होईपर्यंत माझा चहा पिऊन झाला. चार जीबी रॅम, जुनी हार्ड डिस्क, आणि पंखा असा घरघरत होता की शेजारचा टेलर डोकावून गेला. गिऱ्हाइकाला खोटी आशा लावायची नाही हा माझा नियम आहे आणि त्या नियमापायी मी बरीच गिऱ्हाइकं घालवली आहेत. मी स्पष्ट सांगितलं, की व्हिडिओ एडिटिंगला याच्या चौपट ताकद लागते, हा बिचारा अर्ज टाइप करण्यापुरता ठीक आहे.

अण्णा हसले. "गंगव्वाबी चालायची न्हाय म्हणून सगळ्यांनी सोडलतं की."

आता गंगव्वा कोण, ते सांगायला हवं. गंगव्वा ही अण्णांची म्हैस. तिची आई ती जन्मली तेव्हाच गेली. रेडकू इतकं किडकिडीत की उभंही राहीना. त्या वेळी अण्णांची थोरली बहीण, अक्का, माहेरी येऊन राहिली होती. तिनं ते रेडकू चुलीजवळ घेतलं, बाटलीनं दूध पाजलं, दोन्ही हातांनी धरून चालायला शिकवलं आणि स्वतःच्या आईचं नाव दिलं. पुढं अक्का निपाणीपलीकडच्या आपल्या गावी परत गेली आणि इकडं गंगव्वा अशी काही भरली की गल्लीत तिच्यासारखी म्हैस नाही, असं अण्णांचे वैरीही म्हणत.

आमच्याकडे दिवाळीच्या पाडव्याला म्हशी सजवून पळवतात. शिंगं रंगवतात, मोरपिसं बांधतात, गळ्यात कवड्यांच्या माळा. मालक सायलेन्सर काढलेल्या मोटारसायकलवर पुढं आणि त्याच्या हाकेसरशी म्हैस मागं. दोरी नाही, काठी नाही. नुसत्या आवाजावर ती गर्दीतून धावत येते. यात मालकाची सगळी इज्जत असते. गंगव्वा चार वर्षं पळत होती, पण अक्कानं तिला पळताना पाहिलंच नव्हतं. कंबर मोडल्यापासून तिला गाडीत बसवत नव्हतं. दर पाडव्याला तिचा फोन यायचा, "तम्मा, माझी पोर पळाली का रे?" तम्मा म्हणजे कन्नडमध्ये धाकटा भाऊ. साठी ओलांडलेल्या अण्णांना तम्मा म्हणणारी तेवढी एकच उरली होती.

आणि आता अक्काला काचबिंदू झाला होता. गेलेली नजर परत येत नाही आणि राहिलेली किती टिकेल सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. मोबाइलवर तिला काही दिसत नसे. टीव्हीच्या मोठ्या पडद्यावर, अगदी जवळ बसलं, तर अजून दिसत होतं. पाडव्याला गल्लीतल्या पोरांनी फोनवर पुष्कळ व्हिडिओ काढले होते, पण सगळे तुकडे तुकडे. कुठं नुसती माणसांची डोकी, कुठं दुसऱ्याचीच म्हैस. अण्णांना त्यातून फक्त गंगव्वाची फिल्म करायची होती. अक्काची नजर आहे तोवर.

एवढं ऐकल्यावर "चालायचा नाही" हे माझं वाक्य मलाच टोचायला लागलं. माझा लॅपटॉप वापरा, मी करून देते, असंही म्हणाले. ते त्यांना पटलं नाही. अक्कानं स्वतःच्या हातांनी वाढवलेल्या म्हशीची फिल्म दुसऱ्यानं जोडायची म्हणजे काय, असं त्यांचं म्हणणं. मग मी जुनं, हलकं सॉफ्टवेअर शोधून घातलं आणि सगळ्या व्हिडिओंच्या कमी दर्जाच्या छोट्या प्रती करून दिल्या. काम त्या प्रतींवर करायचं आणि सगळं जुळलं की शेवटी मूळ व्हिडिओ लावायचे. कमी ताकदीच्या मशीनला झेपणारी हीच एक वाट. अण्णांना ती लगेच कळली. ते त्या प्रतींना रेडकं म्हणायला लागले.

दुपारी म्हशी रवंथ करत असताना अण्णा दुकानात येऊन काम करायचे. एक बटण दाबायचं आणि हाताची घडी घालून बसायचं. पडद्यावर चक्र फिरत राहायचं. माझा जीव वरखाली व्हायचा, मी माउस हिसकावून घ्यायला बघायची, आणि ते शांतपणे म्हणायचे, "सवड द्या त्याला." हा त्यांचा मंत्रच होता. दूध तापायला वेळ लागला की सवड द्या. सिग्नलला मागचा माणूस हॉर्न मारायला लागला की मागं वळून त्यालाही, "पावणं, सवड द्या की."

एडिटर म्हणून मात्र ते अवघड होते. एका तुकड्यात गंगव्वाची शेपटी चौकटीबाहेर जात होती म्हणून तो बाद. एकात शिंगाचं टोक कापलं गेलं म्हणून तोही बाद. मी एकदा दोन सेकंद छाटले तर म्हणाले, "तिनं तिथं मान हलवल्या. अक्काला ते बघायचं असंल." ज्या तुकड्यांत ते स्वतः दिसत होते ते सगळे त्यांनी आधीच काढून टाकले होते. कारण विचारलं, तर म्हणे, मी मधे येतोय. शेवटी मुख्य राहिला तो पुतण्यानं घेतलेला व्हिडिओ. मोटारसायकलवर मागं उलटं बसून त्यानं तो काढला होता. त्यात गंगव्वा थेट आपल्याकडे धावत येते, कवड्या उडतायत, आणि अण्णा कुठं दिसत नाहीत. पण त्यांचा आवाज फोनच्या अगदी जवळ. "ये गं बाय, ये. ये माझी गंगव्वा, ये."

हा आवाज अण्णांना अजिबात नको होता. "माझं बोंबलणं काढा," असा त्यांचा धोशा. त्याजागी हलगीवरचं झकास गाणं घालायचं ठरलं.

एकदा ते लॅपटॉप घरी घेऊन गेले, तर दुसऱ्या दिवशी सुरेखावैनींचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा, मला तक्रारीचा फोन. पडवीत बसून अण्णा तोच तुकडा पुन्हा पुन्हा लावत होते. लॅपटॉप अडखळत होता, त्यामुळे "ये गं बाय, ये" एवढंच वाजायचं, थांबायचं आणि पुन्हा वाजायचं. गोठ्यातली गंगव्वा आधी हंबरली. मग तिनं दावं तोडलं, अंगणातली वाळत घातलेली चादर शिंगावर घेतली आणि पडवीच्या पायऱ्या चढून अण्णांच्या पाठीशी येऊन उभी राहिली. वैनी म्हणाल्या, "चादर फाटली ती फाटली. वर हे मलाच सांगत्यात, बघ किती गुणाची हाय."

त्याच आठवड्यात अण्णांनी मोठा घोटाळा केला. लॅपटॉप फार तापत होता. तापलेल्या म्हशीला जे करतात तेच त्यांनी केलं. गोणपाट भिजवून, चांगलं पिळून, त्याच्या पाठीवर घातलं आणि प्रेमानं थोपटलं. मशीन बंद पडलं. माझ्याकडे आणलं तेव्हा ते गोणपाट त्यांच्या हातातच होतं. मी चांगलीच तापले. एवढ्या वर्षांत माझ्या दुकानात बसून हेच शिकलात का, असंही बोलले. अण्णांनी मान खाली घातली आणि एवढंच विचारलं, "अक्काचं कसं?" आदल्या दिवशी भाच्याचा, म्हणजे अक्काच्या मुलाचा, फोन आला होता. अक्काला आता एका डोळ्यानं काहीच दिसत नव्हतं.

मी सगळं उघडून वाळवलं. डिस्क वाचली, कीबोर्ड गेला. बाहेरचा कीबोर्ड जोडून आम्ही पुन्हा बसलो. फिल्म जुळत आली होती, फक्त गाणं घालायचं राहिलं होतं. आणि तिथं लॅपटॉपनं हात टेकले. चित्र आणि मूळ आवाज एवढं तो ओढत होता. त्यावर गाण्याचा थर ठेवला की पडदा थिजायचा. मी गाणं कापून पाहिलं, त्याचा दर्जा कमी केला, इतर सगळं बंद केलं. प्रत्येक वेळी तेच. माझ्या मशीनवर दोन मिनिटांत होईल, असं मी पुन्हा म्हणाले. अण्णांनी लॅपटॉपच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "नको. लई वडलंय त्यानं. ऱ्हाऊ दे गाणं. माझं बोंबलणं अक्का सोसून घेईल."

शेवटची फिल्म तयार व्हायला सगळी दुपार गेली. अण्णा समोरून हलले नाहीत. धारेची वेळ झाली तेव्हा सुरेखावैनींना फोन करून, आज तू बस म्हणाले. ही गोष्ट त्यांच्या घरात पहिल्यांदा घडत होती. पेनड्राइव्ह हातात पडल्यावर तो त्यांनी रुमालात बांधला आणि दुसऱ्या सकाळी दुधाची फेरी पुतण्याच्या मित्रावर टाकून निपाणीचा रस्ता धरला.

परत आल्यावर त्यांनी मला सगळं सांगितलं. अक्काला टीव्हीसमोर इतक्या जवळ बसवलं की नाक काचेला लागत होतं. गंगव्वा धावत आली तशी अक्कानं दोन्ही हात पुढं केले, तिला धरून चालवायची तसे. "दिसली का अक्का?" असं अण्णांनी विचारलं, तर ती म्हणाली, "शिंगं कुणी रंगवली? वाकडी रंगवल्यात." हे सांगताना अण्णा हसत होते आणि डोळे पुसत होते. शिंगं त्यांनीच रंगवली होती.

पुढचा पाडवा अण्णांना मिळाला नाही. श्रावणात एका सकाळी, किटल्या बांधत असताना त्यांच्या छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं. मला अजून सकाळी मोटारसायकल थांबल्याचा आवाज आला की हातातलं काम टाकून दाराकडे बघावंसं वाटतं. फार चांगला माणूस होता. त्यांचा लॅपटॉप वैनींनी माझ्याकडेच आणून ठेवला. तो मी विकलेला नाही आणि विकणारही नाही.

अक्का येऊ शकली नव्हती, म्हणून महिन्याभरानं सुरेखावैनी तिच्याकडे निघाल्या. मीही बरोबर गेले. अक्काची दुसऱ्या डोळ्याची नजरही तोवर गेली होती. तरी ती टीव्हीसमोरच बसली होती, पण आता भिंतीला टेकून, तोंड खिडकीकडे. भाचा म्हणाला, रोज एकदा तरी लावायला लागते.

त्यानं फिल्म लावली. मोटारसायकलची फडफड सुरू झाली आणि मग खोलीभर अण्णांचा आवाज आला. "ये गं बाय, ये. ये माझी गंगव्वा, ये." वैनींनी पदर तोंडाला लावला. अक्कानं हात वर करून आम्हाला गप्प राहायला सांगितलं. ती खुरांची वाट बघत होती. खुरं जवळ आली, कवड्या वाजल्या, तशी तिनं मान हलवली. फिल्म संपल्यावर तिनं माझा हात चाचपून धरला.

"तम्मा म्हणालता, गाणं घालायचं हुतं, पर मशिनीला झेपलं न्हाय. लई वाईट वाटत हुतं त्याला." तिनं माझा हात थोपटला. "बरं झालं बाई, झेपलं न्हाय ते."

आणि भाच्याला म्हणाली, पुन्हा लाव.