काल्हेरला गेलेले तीन तास

उजाडायच्या आत पुणे सोडलं. शेजारच्या सीटवर अण्णा, माझे वडील, वय एक्याऐंशी. गणेशपुरीच्या बाजूच्या एका शाळेत ते बावीस वर्षं मास्तर होते. तिथले त्यांचे मित्र तुकारामकाका शेवटच्या दुखण्यात होते. "आजच जायला हवं," एवढंच अण्णा म्हणाले होते.

ठाण्यापर्यंत सुरळीत आलो. काल्हेरला गोदामांची रांग सुरू झाली आणि दोन कंटेनरच्या मधोमध गाडी बंद पडली. किल्ली फिरवली, दिवे लागले, इंजिन गप्प. मागून हॉर्नचा गदारोळ. दोन हमालांनी ढकलून गाडी भिंतीकडेला लावून दिली.

जवळच ऑटो इलेक्ट्रिशियनचं दुकान होतं. तिथले रईसभाई आले, स्टिअरिंगखालचं झाकण उघडून म्हणाले, "बॅटरी ठीक हाय, ताई. इग्निशन स्विच गेलाय, अंदरचे कॉन्टॅक्ट जळाले. आधीपासून त्रास देत असेल ना?"

"नाही, आजच," मी म्हणाले.

खोटं होतं. आठवडाभर किल्ली दोन-तीनदा फिरवावी लागत होती आणि गॅरेजचं मी रोज उद्यावर टाकत होते. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. 

"तात्पुरती वायर जोडून द्या ना," मी रईसभाईंना म्हणाले.

"देईन. पण चालत्यात बंद पडली तर मागून ट्रक येईल. बुजुर्ग सोबत आहेत. घंट्याभरात नवा स्विच बसवतो."

तासाभराचंच काम म्हणून दुसरी गाडी केली नाही. रईसभाई मोटरसायकलवर भिवंडीला गेले. आणलेल्या स्विचची पिन बसेना, पुन्हा गेले. आभाळ राखाडी, ट्रकांची धूळ काचेवर बसत होती. मी आणलेला वडापाव अण्णांनी तसाच मांडीवर ठेवला. बाराच्या सुमारास तुकारामकाकांच्या मुलाचा, वसंताचा फोन आला, "मास्तर कुठवर आलं? बाबा सारखं इचारतात."

"निघालोच," मी म्हणाले. निघायला साडेबारा वाजले.

भिवंडीतल्या लूमची खडखड मागे पडली, अंबाडीनंतर कापलेली भातखाचरं लागली. अण्णा रस्त्याकडेच बघत होते. गावात शिरलो तेव्हा अंगणात माणसं खाली मान घालून बसली होती.

वसंता पुढे आला. "मास्तर, बाबा न्हाय आता. अर्धा घंटा झाला. डोळं दाराकडंच व्हतं."

अण्णा आत गेले, मित्राच्या उशाशी बसले. "तुका, उशीर झाला रे," म्हणाले. मी उंबऱ्यातच थांबले.

त्या रात्री गावातच राहिलो. सकाळी गाडी पहिल्याच फटक्यात सुरू झाली, आणि मला तिचा संताप आला. ठाणं ओलांडल्यावर मी अण्णांना म्हणाले, "चूक माझी होती. स्विच आठवड्यापासून बिघडला होता."

"ठाऊक होतं," ते म्हणाले. "मीही म्हणालो नाही, दाखवून घे म्हणून."

पुण्यात जिन्यावर शेजारच्या काकूंनी विचारलं, "झाली का भेट मित्राची?"

अण्णा कठडा धरून क्षणभर थांबले. "झाली," म्हणाले आणि वर चढू लागले.