उपटलेल्या मेखा

विजयमालाबाईंशी माझं पहिल्या दिवसापासून वाकडं. वारज्यातल्या आमच्या सोसायटीचा मी सेक्रेटरी, आणि सेक्रेटरी हा प्राणी पाण्याच्या टँकरला फोन करण्यासाठीच जन्माला येतो, अशी त्यांची समजूत. नमस्कार केला तर मान फिरवायच्या. मग मीही नमस्कार सोडून दिला.

त्या मूळच्या मांजरी गावच्या. माहेरी बैलांची दावण होती, हे त्या भांडता भांडताही ऐकवायच्या. नवरा गेल्यावर तिसऱ्या मजल्यावर त्या आणि मुलगा शंभू, दोघंच. शंभू तिशीचा, अंगाने दांडगा, आणि एक शब्द बोलत नाही. आपण बोललेलंही त्याला फारसं उमगत नाही. दिवसभर खोलीत येरझाऱ्या घालतो, स्वतःच्या गालांवर मारून घेतो. तो निवायचा फक्त झोळीत. कापडात सगळं अंग गुरफटून जोरजोरात झोके घेतले की तासाभराने त्याची मान सैल पडायची, आणि मग रात्री मायलेकरांना झोप लागायची.

घरातल्या हुकाने छताचा पोपडाच काढला, तेव्हा बाईंनी झोळीचा सुटा लोखंडी स्टँड मागवला आणि सोसायटीच्या बागेत आणून मांडला. अर्ज नाही, विचारणं नाही. कमिटीने अट घातली की कायमचं काही रोवायचं नाही, संध्याकाळी पाच ते सहा वापरायचं आणि सगळं उचलून वर न्यायचं. अट अर्थातच माझ्या हस्ताक्षरात होती.

स्टँडबरोबर आलेल्या खुंट्या स्वेटरच्या सुयांपेक्षा जरा जाड. बाईंनी त्या फेकल्या आणि लोहाराकडून हातभर लांबीच्या चार मेखा करून आणल्या. रोज पावणेपाचला पदर खोचून त्या गुडघ्यांवर बसायच्या आणि एकेका पायातून मेख तिरकी ठोकायच्या. सरळ ठोकलेली मेख ओढीसरशी वर येते म्हणे. सहा वाजता चारही उपटायच्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा ठोकायच्या, पण कालची जागा सोडून हातभर पलीकडे. दोन महिन्यांत माझ्या हिरवळीची चाळणी झाली. मी फलकावर सूचना लावली की मेखा रोज त्याच चार भोकांत ठोकाव्यात.

सूचना वाचून त्या थेट माझ्यापाशी आल्या. "एकदा उपटलेली मेख त्याच भोकात धरत न्हाई. बैल बांधणाऱ्याला इचारा."

"इथे बैल नाहीत," मी म्हणालो.

"एक हाय," त्या माझ्याकडे बघत म्हणाल्या.

बाकावरची चार माणसं हसली. ते हसणं मी आठ दिवस चघळत होतो.

त्या मंगळवारी बाई मेखा ठोकून शंभूला आणायला वर गेल्या. त्याला चपला घालायला वेळ लागतो. बागेत सामान बेवारस ठेवू नये, असा नियम आहे. तो नियम मला त्या क्षणी फार महत्त्वाचा वाटला. त्यांचाच हातोडा उचलून मी एका बाजूच्या दोन्ही मेखा आडवे ठोके देऊन सैल केल्या आणि उपटल्या. तेवढ्यात लिफ्टचं दार वाजलं. अडुसष्टाव्या वर्षी हातात मेखा घेऊन सापडायची मला लाज वाटली. मी त्या होत्या त्याच भोकांत सारल्या, बुटाने दाबल्या आणि बाकावर जाऊन पेपर उघडला.

आता खरं सांगतो. मी ओरडू शकलो असतो. पण बैलांची विद्या खरी की खोटी, हेही मला बघायचं होतं.

बाईंना चारही मेखांची डोकी जागच्या जागी दिसली. त्यांनी शंभूला झोळीत बसवलं आणि झोका दिला. पाचव्या झोक्याला दोन पाय उचलले गेले आणि स्टँड शंभूसकट आडवा झाला. वरचा पाइप त्याच्या खांद्यावर बसला. हाड मोडलं.

हाड दीड महिन्यात जुळलं. पण शंभू आता आईला जवळ येऊ देत नाही. आईने बसवलं आणि पडलो, एवढंच त्याला कळलं. ती ताट घेऊन गेली तर तो भिंतीला डोकं आपटतो. त्याला भरवायला कामाची दुसरी बाई ठेवावी लागली. मी दुसऱ्या मजल्यावर राहतो. माझ्या डोक्यावर तो रात्रंदिवस चालत असतो.

मी गप्पच राहणार होतो. पण जन्मात कुणापुढे हार न मानलेल्या विजयमालाबाई जिन्यात शेजारणीला सांगताना ऐकल्या, की माझाच हात चुकला, म्हातारी झाले, मेख नीट बसली नाही. ते काही मला सोसवलं नाही. मी वर गेलो आणि दारातच सगळं सांगून टाकलं.

त्यांनी शिवी दिली नाही. माझ्या बुटांकडे बघितलं. मग दार पूर्ण उघडून बाजूला झाल्या.

"मला काय सांगता? त्याला सांगा."

मी आत गेलो. शंभू खिडकीपासून कपाटापर्यंत आणि कपाटापासून खिडकीपर्यंत चालत होता. मी वाटेत उभा राहिलो तर मला वळसा घालून गेला. दारात विजयमालाबाई मी बोलायची वाट बघत उभ्या होत्या.