आतड्यातलं मेलाटोनिन आणि बाबांची झोप

एम.एस्सी.ला मला सेमिनारसाठी विषय मिळाला: सस्तन प्राण्यांच्या शरीरात मेलाटोनिन कुठं कुठं सापडतं. मेलाटोनिन म्हणजे झोपेशी संबंध असलेलं संप्रेरक. बाबा रेल्वेत गार्ड, भुसावळहून बदली होऊन जयपूरला आलेले. रात्रपाळी करून आले की दिवसा त्यांचा डोळ्याला डोळा लागत नसे. म्हटलं, यांच्यापुढंच सराव करू. माझी तयारी तरी होईल, नाहीतर त्यांना झोप तरी लागेल.

खातीपुऱ्याच्या क्वार्टरमध्ये बाबा खाटेवर आडवे, आई मेथी निवडत बसलेली. मी सुरू केलं, "हे मेंदूतल्या पिनियल ग्रंथीत तयार होतं. मतलब, फक्त तिथंच नाही. डोळ्याच्या पडद्यात, कातडीत, अस्थिमज्जेतही असतं. आणि आतड्यात तर ग्रंथीपेक्षा कितीतरी जास्त."

बाबांनी एक डोळा उघडला. "आतड्यात?"

"हो."

"एवढा माल पोटात पडलाय, अन् मी इथं पंखा बघत पडलोय?"

मी समजावलं, की आतड्यातलं बहुतेक तिथल्या तिथंच कामाला येतं. पेशीच्या आत, मायटोकॉन्ड्रियातही ते असतं, तिथली मोडतोड आवरायला. रात्र झाल्याची खबर रक्तातून अंगभर पोचवते ती ग्रंथीच, आणि तिला अंधार लागतो.

आई म्हणाली, "म्हणजे पोटातलं घरच्यापुरतं, अन् डोक्यातलं गावजेवणाला."

"आई, हे सायन्स आहे."

"मग मी काय पाळणा म्हटला?"

सेमिनारच्या दिवशी सरांनी विचारलं, "पिनियल निकाल दी, तो ख़ून में कम हो जाता है. फिर कोशिकाओं में कहाँ से आता है?" पाठ केलेलं सगळं उडालं. तोंडातून निघालं, "सर, वो घर का खाना है."

वर्ग खिदळला. सर हसले नाहीत. त्यांना हसू आणणारी ग्रंथी कुणीतरी आधीच काढली असावी. मग मी सावरून सांगितलं, की बऱ्याच पेशी ते स्वतःच बनवतात, मायटोकॉन्ड्रियात बनत असल्याचेही पुरावे आहेत. सर "हम्म" म्हणाले. आमच्या विभागात याहून मोठं कौतुक मी ऐकलेलं नाही.

घरी आले तर भर दुपारी काळोख. बाबांनी खिडक्यांवर घोंगड्या ठोकल्या होत्या आणि दिवा लावायला बंदी केली होती. आई स्वयंपाकघरात चाचपडत जिऱ्याचा डबा शोधत होती. तेवढ्यात शेजारच्या भाभीजींनी दार वाजवलं.

"आप लोग गाँव चले गए क्या?"

"नहीं भाभीजी," आई वैतागून म्हणाली, "इनकी ग्रंथी चल रही है."

आतून घोरणं ऐकू येत होतं. बाबा दिवेलागणीला उठले, ताजेतवाने, आणि मला म्हणाले, "शिकली पोरगी, कामाला आली." आई मात्र त्यांच्याशी बोलेना. घोंगड्या कमी पडल्या म्हणून त्यांनी तिची नवी सांगानेरी छापाची चादरसुद्धा खिळ्यांनी ठोकली होती.