जयगडला किल्ला, बाईंना सामान

नव्या कॅनव्हासच्या बुटांचा वास आला की आमच्या आळीतले वकीलसाहेब आठवतात. नवराबायको पहिल्यांदाच आगबोटीनं मुंबईहून गोव्याला जाणार होते. साहेबांनी बेत कागदावर उतरवला: बोट थांबेल तिथं उतरायचं, जयगडला किल्ला चढायचा, रत्नागिरीला दीपगृह. बाईंच्या नावापुढं मात्र सगळीकडं एकच, ‘बोटीवर सामान राखणे.’ बाईंना उतरायची लई हौस, पण साहेब नाकातून म्हणायचे, “बायकांना चढ सोसत नाही.” त्या नाकातल्या बोलण्याची नक्कल म्या तवाच बसवली. सरावाला आमी तिघं रोहिडा किल्ला चढलो. अर्ध्या वाटंतच साहेब धोंड्यावर टेकले आणि नवे कॅनव्हासचे बूट काढून तळवे चोळत म्हणाले, “आज हवाच जड आहे.” बाई डोंगरातल्या हिर्डोशीच्या, घाट चालून माहेर गाठणाऱ्या. पदर खोचून त्या माथ्यावर जाऊन आल्या आणि म्हणाल्या, “अहो, बंदरावर मी उतरते. सामानापाशी तुमीच बसा.” तसंच झालं. तरी परत आल्यावर साहेब चारचौघांत जयगडचे बुरूज रंगवून सांगायला लागले. म्या तळवा चोळत, त्यांच्यावानी नाकातून विचारलं, “साहेब, वर हवा कशी होती?” बाईंनी तोंडाला पदर लावला. आजबी तसले बूट दिसले की माझा हात तळव्याकडं जातो.