गार ओढ्याच्या तोंडाशी

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात, एका संध्याकाळी, टॅमरॅक नदीवरून, पाण्यात वाढणाऱ्या कॅडिस माश्यांचे थवेच्या थवे उठले. पुलाजवळच्या माझ्या दुकानाच्या काचेवर त्यांचा थर बसला. एरवी अशा वेळी ट्राउट मासे त्या खायला वर येऊन इतकी तोंडं मारतात, की पाणी उकळतंय असं वाटावं. त्या दिवशी नदी निपचित होती. एकही मासा वर आला नाही.

डेला रूकर माझ्या शेजारी पुलाच्या कठड्याला टेकून बघत होती. एकोणचाळीस वर्षं ती या नदीवर गळ टाकायला येणाऱ्यांना आपल्या होडीतून नेत आली होती. तोंडाळ बाई. पण तेव्हा हळूच म्हणाली, "ताट वाढलंय आणि जेवायला कुणी नाही. लक्षण बरं नाही हे."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं पाण्यात तापमापक धरला. एकाहत्तर फॅरनहाइट, म्हणजे जवळजवळ बावीस सेल्सिअस. अडुसष्ट फॅरनहाइटच्या वर पाण्यातला प्राणवायू कमी पडून ट्राउटला धाप लागते. हिवाळ्यात डोंगरावर बर्फ नावालाच पडला होता, आणि नदी वाहते ती त्याच्याच वितळलेल्या पाण्यावर; नदी गुडघ्याएवढी उरली होती.

दर जुलैला तिच्याकडे येणारा होल्डन प्रुइट नेमका त्याच दिवशी टेक्ससहून आला.

"आज नाही नेणार," डेला म्हणाली.

"अगं, मासा धरला की लगेच सोडतो मी! मरतोय कुठं?"

"सोडल्यावर पुढं काय होतं, पाहिलंयस कधी?"

"म्हातारी झालीस, डेला. भ्यायला लागलीस."

तो एकटाच पाण्यात उतरला. तासाभरात त्यानं हातभर लांब ट्राउट काढला आणि अलगद सोडला. मासा शेपटी हलवत गेला.

"बघ!" तो ओरडला.

"चल माझ्याबरोबर," डेला म्हणाली. मीही त्यांच्या मागं गेलो. खालच्या वळणावर तोच मासा, ओठाला गळाची ताजी जखम, दगडांत पोट वर करून अडकला होता. पुढं आणखी होते. चाळीसपर्यंत मोजून होल्डननं टोपी काढली.

"हे सगळे काही मी मारले नाहीत."

"नाहीच. बाकीचे कुणी न धरताच मेलेत. म्हणून तर नको म्हटलं."

वळणापलीकडं झऱ्याचा गार ओढा नदीला मिळतो. जिवंत राहिलेले दोन-अडीचशे ट्राउट तिथं एकमेकांना खेटून उभे होते. डोळे मिटून गळ टाकला तरी लागावा, अशी जागा. डेलानं होडी आणून ओढ्याच्या तोंडाशी आडवी बांधली आणि रोज दुपारभर तिच्यात बसून राहिली. गळ टाकायला आलेल्या लोकांच्या शिव्या खाल्ल्या, व्याजासकट परत केल्या. पहिले तीन दिवस होल्डनही तिच्याजवळ बसला. सहाव्या दिवशी सरकारनं नदी मासेमारीसाठी बंद केली, तरी ती हलली नाही.

ऑगस्टअखेर पाणी निवलं आणि ओढ्यातले मासे नदीत पांगले. नंतर डेलानं पुलापासून खाली सात मैल होडी नेली. माश्या पाण्यावर पडत होत्या; खायला तीनच ट्राउट वर आले.

"पुढच्या वर्षी होडीतून पाहुणे नेशील?" मी विचारलं.

"बर्फ पडू दे, मग बघू."

ऑक्टोबर अर्धा सरला होता, एरवी एव्हाना डोंगर पांढरे व्हायला लागतात, आणि आम्ही दोघं अजून अर्ध्या बाहीच्या शर्टांत होतो.