साखरपुड्याची बुंदी

मेहकरजवळच्या एका निवासी शाळेत मी मतिमंद मुलांना शिकवायचे. त्यात बीबी गावाकडची एक मुलगी होती. सोळा वर्षांची, अंगाने भारी, बोलणं एका-दोन शब्दांचं. तिला साखरेचा आजार निघाला. डॉक्टरांनी मला समोर बसवून सांगितलं, गोड थांबवलं नाही तर ही पोरगी तुमच्या डोळ्यांदेखत जाईल. त्या दिवसापासून मी तिच्या मागे लागले.

शिकवायची पद्धत माझीच होती. घोटीव कागदाच्या गोल चकत्या कापल्या. मेथी, मुगाचं वरण, काकडी, भाकरी यांच्या चित्रांवर हिरवी चकती लावली. साखर, बिस्कीट, बुंदी, वेफर यांच्यावर लाल. जेवताना मुलांनी एकमेकांच्या ताटात बघायचं. मी मुद्दाम कोणाच्या तरी ताटात बिस्कीट ठेवायचे. दिसलं की "लाल!" म्हणायचं आणि उचलून मधल्या पातेल्यात टाकायचं. टाकलं की मी टाळ्या वाजवायचे.

तिला हे शिकायला सात महिने लागले. ते सात महिने मी प्रेमाने शिकवलं, असं मला म्हणता येणार नाही. ती बिस्कीट उचलून थेट तोंडात घालायची. मी तिचे गाल दाबून बोटाने ते बाहेर काढायचे. एकदा तिने बोट चावलं, तेव्हा मी तिच्या थोबाडीत मारली. स्वयंपाकाच्या मावशी म्हणाल्या, "मारा मॅडम, त्याबिगर तिच्या ध्यानात राहत नाही." मला ते ऐकून बरं वाटलं होतं.

आणि मग एका दुपारी तिने स्वतःच्या ताटातलं बिस्कीट उचललं, "लाल" म्हणाली आणि पातेल्यात टाकलं. टाळ्यांसाठी माझ्याकडे बघत राहिली. पुढच्या तपासणीत तिची साखर उतरलेली होती.

तिची आई दर शनिवारी एसटीने डबा घेऊन यायची. मेथीची भाजी, ज्वारीची भाकरी, मी सांगितलेलं सगळं. आई दिसली की ती "आई, आई" करत फाटकापर्यंत पळायची. एका शनिवारी आई डबा देऊन लगेच गेली नाही, थांबली.

"मोठीचा साखरपुडा हाय. पाव्हणे मोताळ्याकडचे हायेत. त्यायले हिचं सांगितलं नाही."

"मग?"

"तिले घरी न्यावं तर लागनच, बहीण हट धरून बसली. तुमी सोबत या. कोनी पुसलंच, तर तुमच्या शाळेतली हाय म्हना. तुमी मॅडम हायेत, तुमच्यावर कोनी शक घेनार नाही."

मी नाही म्हणायला हवं होतं. पण त्या बाईने माझ्यावर एवढा विश्वास टाकला याचं मला कौतुक वाटलं. मी हो म्हणाले.

आम्हाला मागच्या खोलीत बसवलं होतं. बहिणीने दाराआडूनच तिला एकदा जवळ घेतलं, डोळे पुसले आणि स्वतः पाटावर जाऊन बसली. कार्यक्रम पार पडला, पंगत बसली. मी हात धुवायला उठले, तेवढ्यात पोरगी बाहेर गेली. मी धावत पोचले तोवर ती नवऱ्या मुलाच्या आईसमोर उभी होती. त्या बाईच्या ताटात बुंदीचा ढीग होता.

"लाल!" ती ओरडली. वाकली आणि ओंजळीने बुंदी उचलली. आजूबाजूला पातेलं नव्हतं, म्हणून तिने ती खाली सतरंजीवर टाकली. मग शेजारच्या ताटातली उचलली. मग माझ्याकडे वळून हसली. टाळ्यांची वाट बघत होती.

पंगतीतली पोरं खिदळायला लागली. कोणीतरी म्हणालं, "येडी हाय बे!" नवऱ्या मुलाची आई ताटावरून उठली.

"कोन व्हय ही? कोनाची पोट्टी?"

मुलीचा बाप माझ्याकडे बघत होता. आई बुंदीचं भांडं हातात धरून जागच्या जागी उभी होती.

"माझ्या शाळेतली आहे," मी म्हणाले. "माफ करा. हिला आईबाप कोणी नाही."

दुसरं वाक्य बोलायला मला कोणी सांगितलं नव्हतं. त्या बाईने अजून काही विचारू नये म्हणून मी ते जोडलं.

"आई," ती म्हणाली आणि आईकडे बोट दाखवलं.

"ती सगळ्यांनाच आई म्हणते," मी म्हणाले.

पाहुणीचा चेहरा निवळला. "देवा, बिचारी," असं म्हणत तिने पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला. पोरगी पुन्हा "आई" म्हणाली, या वेळी मोठ्याने. आईने मान वळवली आणि पुढच्या ताटात बुंदी वाढली. मी पोरीचा दंड धरून तिला मागे ओढत नेलं. खोलीत बापाने मागून येऊन तिच्या पाठीत दोन बुक्क्या घातल्या. मी त्याला अडवलं नाही. बाहेर गोंधळ ऐकू जाऊ नये म्हणून मी दार लावून घेतलं.

लग्न मोडलं नाही. ते थाटात झालं. तिला नेलं नाही, मलाही बोलावणं नव्हतं.

साखरपुड्यानंतरच्या शनिवारी आई डबा घेऊन आली. पोरगी फाटकाकडे पळाली नाही. व्हरांड्यातच बसून राहिली. मी म्हणाले, "अगं, आई आली बघ."

तिने आईकडे बघितलं, मग माझ्याकडे. "आई कोणी नाही," ती म्हणाली. शब्द माझे होते, सूरही माझाच होता.

आई खाली पायरीवर बसली. "काऊन वं, असं काऊन बोलून राह्यली माय?" असं ती परत परत विचारत राहिली. पोरगी माझ्याकडे बघत होती, बरोबर आलं का म्हणून.

मग मी उलटं शिकवायला बसले. आईचा फोटो मागवला, तिच्या पलंगाशी लावला. रोज फोटोवर बोट ठेवून "आई" म्हणायला लावलं. ती म्हणायचीही, फोटोला. पण शनिवारी समोर खरी आई आली की तिचे ओठ मिटायचे. मी रागावले, समजावलं, एकदा तिच्यासमोर रडलेसुद्धा. काही उपयोग झाला नाही.

तिची साखर आजही ताब्यात आहे. डॉक्टर दर वेळी माझं कौतुक करतात. आई अजून शनिवारी येते, भाकरी आणि मेथी घेऊन. पोरगी डबा घेते, सगळा खाते, धुऊन परत देते. आणि स्वयंपाकघरातल्या बायांना म्हणते तसंच आईलाही "मावशी" म्हणते.

आई मान हलवून "हाव" म्हणते आणि डबा पिशवीत ठेवते.