सोप्यात मावतील तेवढेच

प्रियदर्शनी होनगेकर खोली सोडत नव्हती. बेळगावजवळ काकतीच्या पुढं, हायवेपासून थोडं आत, एका गावात हायस्कूल आहे. त्या हायस्कूलच्या टोकाची ही खोली. शाळा चालवणाऱ्या संस्थेला ती पाहुण्यांच्या बैठकीसाठी हवी होती. सोफा पसंत करून झाला होता, पडद्यांचा रंगही ठरला होता. आत मात्र प्रियदर्शनी होती, एक जुना कॉम्प्युटर होता आणि त्या एकाच कॉम्प्युटरला वायरींनी जोडलेले डझनभर स्क्रीन होते. जणू एकाच झाडाला टांगलेले डझनभर आरसे.

ती जवळच्याच होनगा गावची, शेतकऱ्याघरची. बेळगावात शिकली, काही वर्षं पुण्यात नोकरी केली आणि परत आली. का आली, असं विचारलं तर "आले" एवढंच सांगते. उद्यमबागेतल्या एका कारखान्यानं मोडीत काढलेला हा कॉम्प्युटर तिनंच टेम्पोत घालून आणला. पोरांना टेम्पोतून उतरवायला सांगितलं तेव्हा ती म्हणाली होती, "सांभाळून. म्हातारा आहे, पण मेलेला नाही."

संस्थेचे सेक्रेटरी रायगोंडा अण्णा निपाणीकडचे, तंबाखूच्या वखारीवाल्या घरातले. ते मराठी बोलता बोलता कन्नडमध्ये रागवायचे आणि कन्नड बोलता बोलता मराठीत चेष्टा करायचे. एक दिवस ते खोलीच्या दारात उभे राहिले.

"टीचर, एका म्हशीला बारा वासरं लावलाय की ओ तुम्ही. दूध कुणाला पुरणार?"

"म्हशीला रेडकं असतात, अण्णा."

"बरं, रेडकं. पोरांच्या हातात मोबाईल हाय की. हे डबडं कशाला पायजे?"

"मोबाईल पोरांकडं बघतो. इथं पोरं यंत्राच्या पोटात बघतात."

अण्णा हसले. ते हसले की समजायचं, निर्णय आधीच झालाय. प्रियदर्शनीला ते कळलं आणि ती चिडली. चिडून तिनं असा शब्द दिला, जो देण्याआधी विचार करायला हवा होता. "पुढच्या मीटिंगला संस्थेच्या कमिटीला घेऊन या. नववीचा अख्खा वर्ग एकाच वेळी कामाला बसवून दाखवते. चाललं तर खोली आमची."

"आणि न्हाय चाललं तर?"

"चालेल."

वर्गात तिनं काम वाटून दिलं. एका स्क्रीनवर तिघं-चौघं. प्रत्येक गटानं आपल्या शिवाराचा नकाशा काढायचा, फोटो लावायचे, मराठीत आणि कन्नडमध्ये माहिती लिहायची. पुढच्या बाकावरच्या सौम्याला शंका आली.

"टीचर, कॉम्प्युटर एक, त्याची मेमरी एवढीशी, आन् आमी एवढी. मावणार कसं?"

"लक्ष्मीची यात्रा बघितलीस ना? तुझ्या घरी किती पाहुणे आले होते?"

"लई. मोजायला कोण बसतंय!"

"घरातल्या पुढच्या सोप्यात किती बसले?"

"एक पंगत."

"बाकीचे?"

"शेजारच्या माडीवर. शाळंत. काका तर ट्रॉलीत झोपला."

"आणि आई प्रत्येकाला काय म्हणत होती?"

"घर तुमचंच हाय, सावकाश जेवा."

"यंत्र हेच म्हणतं," प्रियदर्शनी म्हणाली आणि फळ्याकडं वळली.

चालणाऱ्या प्रत्येक कामाला यंत्र सांगतं, मेमरीची सगळी जागा तुझी, पहिल्यापासून शेवटपर्यंत. काम बिचारं त्यावर विश्वास ठेवतं. त्याला मिळालेले पत्ते मात्र खरे नसतात. मेमरीचे सारख्या मापाचे तुकडे पाडलेले असतात, त्यांना पानं म्हणतात. कुठलं पान खरोखर कुठं आहे, याचा तक्ता यंत्र स्वतःजवळ ठेवतं. होनग्याची पाहुणी शेजारच्या भरमूच्या माडीवर, देसूरची शाळेत, हे जसं घरधनिणीच्या डोक्यात असतं तसं. जे पान बराच वेळ कुणी उघडलं नाही, ते मेमरीतून उचलून डिस्कवर नेऊन ठेवायचं. ते पुन्हा लागलं की कामाला जागच्या जागी थांबवायचं, डिस्कवरून पान आणायचं, दुसरं एखादं बाहेर काढायचं आणि मग कामाला पुढं जाऊ द्यायचं. आपण थांबलो होतो, हे त्या कामाला कळतसुद्धा नाही.

"म्हंजे फसवतंय की," सौम्या म्हणाली.

"फसवतं. पण जेवू घालतं."

पोरं हसली. प्रियदर्शनीलाही आपलं वाक्य आवडलं. त्या वाक्यातच तिची चूक होती. तिच्या घरात, तिच्या गावात, यात्रेच्या दिवशी दारात आलेल्याला "जागा नाही" म्हणत नाहीत. ही सवय तिच्या हाडात होती. तिनं डिस्कवरची राखीव जागा वाढवली, आणखी वाढवली. शेजारची माडी मोठी केली की किती का पाहुणे येईनात, असा तिचा हिशेब.

सरावाच्या दिवशी सगळे स्क्रीन एकदम सुरू झाले. सुरुवातीला ठीक चाललं. मग पहिला नकाशा अडकला. मग दुसरा. कुणी एक अक्षर दाबलं की ते उमटायच्या आत दुसऱ्याचा फोटो हवा असायचा. त्याच्यासाठी पहिल्याची पानं बाहेर जायची, आणि लगेच पहिल्याला तीच पानं परत लागायची. डिस्कचा लाल दिवा लागला तो विझेना. आतून घरघर येत होती. यंत्र बंद पडलेलं नव्हतं. उलट इतकं ते कधीच राबलं नव्हतं. फक्त त्या राबण्यात कुणाचंच काम नव्हतं. सगळी ताकद आणण्यात आणि नेण्यात चालली होती.

"टीचर, जातं फिरतंय," सौम्या म्हणाली, "पण पीठ येईना."

त्या संध्याकाळी घरी आई राजाबाई परसात भुईमुगाच्या शेंगा निवडत होती. प्रियदर्शनी तिच्या शेजारी बसली. तिला लहानपणीची एक यात्रा आठवत होती. कैक वर्षांनी आलेली, त्यामुळं उधाणलेली. आईनं तीन तालुक्यांत निरोप धाडले होते आणि सगळे आले. सोपा भरलेला असताना आई नव्या पाहुण्यांचा हात धरून आत आणायची. त्यांना बसवायचं म्हणून अर्धे जेवलेले उठायचे आणि शेजारी जायचे. तिथं त्यांना भूक लागायची, ते परत यायचे, मग आणखी कुणीतरी उठायचं. रस्सा गार झाला. दिवस मावळला तरी धड एक माणूस हात धुऊन उठला नव्हता. माडी मोठी असती तरी काही फरक पडला नसता. अडचण माडीची नव्हतीच. सोप्यात मावतात त्यापेक्षा जास्त लोकांना एकदम जेवायला बसवलं होतं.

"आई, त्या यात्रेला तू दारात उभी राहून 'थांबा' म्हणायला पाहिजे होतंस."

राजाबाईचा हात थांबला. "दारातनं माघारी धाडायचं? पाव्हण्यास्नी?"

"माघारी नाही. बसलेले जेवून उठेपर्यंत थांबा."

"थांबा म्हंजे माघारीच की गं. होनगेकराच्या दारात असलं कुणी बोललं न्हाय."

"मग मी बोलते."

"बोल. पण आमच्यावर न्हाय गेलीस, एवढं ध्यानात ठेव."

राजाबाई त्यानंतर शेंगांशीच बोलली.

मीटिंगच्या दिवशी कमिटी आली. खोलीत निम्मे स्क्रीन काळे होते. उरलेल्या स्क्रीनसमोर निम्मा वर्ग काम करत होता, आणि काम सरकत होतं. नकाशांवर ओढे उमटत होते, बांध उमटत होते. लाल दिवा अधूनमधून मिचकावत होता, माणसाच्या डोळ्यासारखा. निम्मा वर्ग बाहेर व्हरांड्यात ओळीनं बसला होता.

"हे निम्मे बंद का ओ?" रायगोंडा अण्णांनी विचारलं.

"यांचं झालं की बाहेरची आत येतील."

"शब्द काय होता, टीचर?"

"सगळे एकाच वेळी. तो शब्द चुकीचा होता आणि तो मी दिला होता. यंत्रानं नाही."

"म्हंजे हरला की तुम्ही."

"नाही."

कमिटीतलं कुणीतरी खाकरलं. अण्णांनी एका काळ्या स्क्रीनसमोरची खुर्ची ओढली. "बरं, मीच बसतो. ह्या खोलीतल्या नव्या बैठकीचं डिझाईन मेलवर आलंय. कमिटीला दाखवू द्या की जरा. चालू करा."

प्रियदर्शनीनं खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. "आता नाही, अण्णा. थांबावं लागेल."

"मला?"

"तुम्हाला. बाहेर व्हरांड्यात. सौम्याच्या मागं."

संस्थेच्या आवारात अण्णांना थांबायला कुणी सांगितलेलं कुणी ऐकलं नव्हतं. बाहेर सौम्या सरकली आणि भिंतीलगत जागा करून दिली. अण्णांनी त्या जागेकडं बघितलं. मग कन्नडमध्ये दोन शब्द बोलले, ते लिहिण्यासारखे नाहीत. मराठीत एवढंच म्हणाले, "उद्या कुलूप लागतंय."

कमिटी त्यांच्यामागून चहाला गेली. आतल्यांचं झाल्यावर बाहेरचा निम्मा वर्ग आत आला आणि कमिटीच्या रिकाम्या खुर्च्यांसमोर त्यानं आपले नकाशे पुरे केले. शेवटचा नकाशा झाला तेव्हा बघायला कुणी नव्हतं. प्रियदर्शनीनं तो तरीही शाळेच्या प्रोजेक्टरनं मोठा करून भिंतीवर टाकला आणि सगळ्यांना बांधन् बांध वाचायला लावला.

दुसऱ्या दिवशी शाळेचा शिपाई परशराम कुलूप घेऊन आला. नववीचा तास चालू होता, नवं काम वाटून झालं होतं. निम्मा वर्ग आत, निम्मा बाहेर, अगदी उंबऱ्यापर्यंत.

"उठा रं पोरांनो. अण्णांनी कुलूप लावाय सांगितलंय."

कुणी उठलं नाही.

"आमचा नंबर यायचाय, मामा," सौम्या म्हणाली.

"कसला नंबर? खोली बंद झाली."

"बंद कुठं झाली? आत हाईत की लोक. आतली उठल्याबिगर बाहेरच्यांनी हलायचं न्हाय. टीचरचा नियम हाय."

परशराम पोरांच्या डोक्यांवरून आत डोकावला. "टीचर, मी काय करू ओ?"

"तुम्हाला सांगितलंय ते करा," प्रियदर्शनी स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाली. "मी मला करायचं ते करते."

"दारात पोरं बसल्यात की."

"त्यांना मी उठवणार नाही."

परशराम कुलूप हातात घेऊन उभा राहिला. "आतली कवा उठणार?"

"काम झाल्यावर."

तो थांबला. काही वेळानं आतली पोरं खरंच उठली. त्याला वाटलं, झालं. तो कडीकडं सरकला. तेवढ्यात उंबऱ्यावरची पोरं आत गेली, आणि आतून बाहेर आलेली त्यांच्या जागी, दारातच, मांडी घालून बसली.